अनपेक्षित उडी-बोलीचा अर्थ

ब्रिजमध्ये पाने खेळण्याआधी हुकूम कोणता आणि हात किती, हे बोलींनी ठरते. तेव्हा जोडीदाराने ‘एक इस्पिक’ म्हटल्यावर तुम्ही थेट ‘चार किलवर’ म्हणालात, तर तुमचे किलवर लांब आहेत असे त्याने समजू नये. तसे असते तर ‘दोन किलवर’ ही साधी बोली पुरली असती. जी बोली नैसर्गिक अर्थाने लागतच नाही, तिला खास अर्थ देता येतो, आणि या दुहेरी उडीला (पुरेशा बोलीपेक्षा दोन पायऱ्या वरच्या बोलीला) बहुतेक जोड्या ‘स्प्लिंटर’ मानतात : इस्पिकची किमान चार पाने, गेमपुरते (दोघांनी मिळून इस्पिकमध्ये दहा हात करण्याइतके) बळ, आणि किलवरचे फार तर एक पान.

खरा हिशेब इथून पुढे सुरू होतो. ओपनरकडे (पहिली बोली करणाऱ्याकडे) इस्पिकच्या एक्का-राजासह पाच पाने, बदामचा एक्का व एक पान, चौकटचा राजा व एक पान आणि किलवरची चार हलकी पाने असून समोर इस्पिकची राणी-गुलाम, बदामचे राजा-राणी, चौकटचा एक्का आणि किलवरचे एकच पान असेल, तर दोघांचे मिळून २६ गुण (एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक) असूनही सहा इस्पिक, म्हणजे तेरापैकी बारा हात, होतात; किलवरचा एकच हात जातो, पुढचे किलवर समोरच्या हुकुमांनी कापता येतात. बदामच्या एक्क्याऐवजी किलवरचे राजा-राणी असते, तर एक गुण वाढूनही दोन एक्के प्रतिपक्षाकडे राहून सहाची बोली बुडाली असती.

पुण्यातल्या जिमखान्यांत ऐनवेळी जोडी जमते, तेव्हा ‘एक बदाम’वर ‘तीन इस्पिक’ म्हणजे काय, एवढे तरी पाने उचलण्याआधी ठरवावे. मध्ये प्रतिपक्ष बोलला तर काय, हेही विचारून घ्यावे.