नानांचे १४ सेकंद

पत्रकारितेची पदवी घेऊन मी जळगावातल्या एका लोकल केबल चॅनलवर लागलो, तेव्हा कागदावर माझं पद होतं गेस्ट कोऑर्डिनेटर. प्रत्यक्षात पाहुण्यांना फोन करायचे, स्टुडिओत आणायचं, चहा सांगायचा, शर्टाला लेपल माईक लावायचा आणि मुलाखत उरकली की तिचा प्रोमो कापायचा. मे महिन्यात बाहेर ४४ अंश. पाहुणा एसीत आला की आधी दहा मिनिटं नुसता गार होत बसायचा आणि भडाभडा बोलायचा. तेवढ्या वेळात माईक लागलेला असायचा, हे त्याच्या गावीही नसायचं.

आता अहिराणी गाण्यांमुळे, कुस्तीमुळे, रील्समुळे आपल्या धुळे-जळगाव-नंदुरबारच्या पोरापोरींना चॅनलवाल्यांचे फोन येतात. हे त्यांच्यासाठी. मी काही मोठा तज्ज्ञ नाही, पण एका माणसाचं नुकसान माझ्या हातून झालंय. त्यामुळे सांगायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

ते गायक. गावात सगळे नाना म्हणायचे. लग्नसराईत त्यांच्या पार्टीला तारखा मिळायच्या नाहीत. मुलाखत छान रंगली होती. अँकर ओळखीचा, अहिराणी बोलणारा. हसता हसता त्यानं विचारलं, "नाना, वरातीत लोक गाणं ऐकतात तरी का?" नाना खळखळून हसले आणि म्हणाले, "त्यासले काय समजस, डबा वाजाडा तरी नाचतीन!" स्टुडिओत सगळे हसले. मीही. संध्याकाळी प्रोमो कापायला बसलो तेव्हा तेच वाक्य उचललं, कारण ते सगळ्यात चटकदार होतं. प्रश्न गेला, हसू गेलं, खाली प्रमाण मराठीत पट्टी आली: 'त्यांना काय कळतं, डबा वाजवला तरी नाचतील!' १४ सेकंद. पारावर चेष्टा वाटणारं बोलणं पट्टीवर माज वाटायला लागलं. दोन दिवसांत ते प्रत्येक गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होतं. त्या मोसमात नानांच्या निम्म्याहून जास्त सुपाऱ्या मोडल्या.

तेव्हापासून मी गाजलेल्या मुलाखती वेगळ्या नजरेनं बघतो. माणूस अडचणीच्या प्रश्नानं फार क्वचित पडतो. सोफा मऊ असतो, समोरचा दोस्तासारखा हसत असतो, तेव्हा तो पडतो. हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल यांचं आठवा. 'कॉफी विथ करण'चा तो भाग ६ जानेवारी २०१९ ला दिसला. कोणी कोंडीत पकडलं नव्हतं, गप्पाच चालल्या होत्या, आणि हार्दिक बायकांबद्दल नको ते बोलून गेला. पाचच दिवसांत बीसीसीआयनं दोघांना निलंबित केलं. ऑस्ट्रेलियात वनडे मालिका सुरू होणार होती, दोघांना तिथून घरी यावं लागलं. निलंबन २४ जानेवारीला उठलं, पण एप्रिलमध्ये प्रत्येकी २० लाखांचा दंड बसला. एका रेझर कंपनीनं हार्दिकशी करार तोडला. माफी मागताना त्यानं जे लिहिलं त्याचा अर्थ असा, की शोच्या वातावरणात मी वाहवत गेलो. हे खरंच होतं. तो शो माणसाला वाहवत नेण्यासाठीच बांधलेला असतो.

कोणी म्हणेल, हार्दिकचं काय बिघडलं? २०२२ मध्ये त्याच्याच कप्तानीत गुजरात टायटन्सनं आयपीएल जिंकली. बरोबर. त्याच्याकडे बॅट होती. पुढच्या सामन्यात धावा काढल्या की लोक विसरतात. नानांकडे फक्त ती एक लग्नसराई होती. नवख्या माणसाकडे विसरायला लावणारं काही साठलेलंच नसतं, म्हणून मोठ्यांचं बघून "काही होत नाही" असं म्हणू नका.

मुलाखतीला जाणाऱ्यांची मी आता तयारी करून घेतो. त्या शिकवणीत दुसरी एक मुलाखत मी नेहमी दाखवतो. ब्रिटनचे तेव्हाचे प्रिन्स अँड्र्यू, बीबीसीचा 'न्यूजनाइट' कार्यक्रम, नोव्हेंबर २०१९. विषय, अल्पवयीन मुलींचं शोषण करणारा अमेरिकी धनाढ्य जेफ्री एपस्टीन याच्याशी त्यांची मैत्री आणि त्यातल्याच एका मुलीनं अँड्र्यूंवर केलेला आरोप. समोर मुलाखतकार एमिली मेटलिस. आवाज चढत नाही, प्रश्न साधे, आणि प्रत्येक उत्तरानंतर ती थांबते. गडी बोलत राहतो. म्हणे, आरोपातल्या त्या दिवशी मी माझ्या मुलीला घेऊन वोकिंगच्या पिझ्झा एक्स्प्रेसमध्ये गेलो होतो. ती मुलगी सांगते तसा घाम मला तेव्हा येतच नव्हता. एपस्टीनशी मैत्री केल्याचा पस्तावा आहे का, तर नाही, कारण ओळखी कामाच्या झाल्या. ज्या मुलींचं वाटोळं झालं त्यांच्यासाठी मात्र एक धड शब्द नाही. १६ तारखेला मुलाखत दिसली, २० तारखेला त्यांनी सार्वजनिक कामातून बाजूला होत असल्याचं जाहीर केलं. स्वतःच्या बचावाची तयारी करून आलेला माणूस असाच फसतो. ऐकणाऱ्याच्या मनात कोण आहे, याचा त्यानं विचारच केलेला नसतो.

या थांबण्याचा सराव मी करून घेतो. मोबाइल ट्रायपॉडवर लावायचा, प्रश्न विचारायचा, उत्तर संपलं की गप्प बसायचं आणि मनात आकडे मोजायचे. मागच्या उन्हाळ्यात चोपड्याकडची एक कबड्डीपटू आली होती. विचारलं, "तुमच्या सरांबद्दल सांगा." दोन वाक्यांत झकास उत्तर दिलं. मी गप्प. एक, दोन, तीन. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. चौथ्या आकड्याला म्हणाली, "म्हणजे, तसे चांगलेच आहेत ते, पण..." मी फोन बंद केला आणि तेवढंच तिला दाखवलं. त्या 'पण'च्या पुढे काय होतं ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. आता ती उत्तर झालं की सरळ समोर बघते आणि पाणी पिते. पाण्याचा ग्लास जवळ मागून घ्याच.

अजून एक गोम प्रश्नातल्या शब्दाची. "तुम्ही गर्विष्ठ आहात असं म्हणतात" असा प्रश्न आला की "मी गर्विष्ठ नाही" असं उत्तर देऊ नका. प्रोमोत प्रश्न कापला जातो आणि तुमच्याच तोंडी 'गर्विष्ठ' उरतं. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन नोव्हेंबर १९७३ मध्ये टीव्हीसमोर संपादकांना म्हणाले, मी लबाड नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये राजीनामा द्यावा लागला. तो द्यावा लागला तो वॉटरगेटमुळे, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातल्या घुसखोरीवर पांघरूण घातल्यामुळे, पण लोकांच्या तोंडी बसलं ते हे वाक्य. त्यापेक्षा "मी अजून गावातल्याच तालमीत जातो" असं काहीतरी स्वतःचं सांगा.

अहिराणीत बोलायचं की नाही, हे मला सारखं विचारतात. बोला, बिनधास्त बोला. फक्त लोकांवरचा विनोद अहिराणीत टाकू नका. तो पट्टीवर उतरत नाही. स्वतःवरचा उतरतो. आणि माईक काढून हातात दिल्याशिवाय "झालं का एकदाचं?" असंसुद्धा म्हणू नका.

चॅनल सोडल्यावर दोन वर्षांनी नानांकडे गेलो. कापसाची वेचणी चालू होती. रागावले नाहीत, बाजेवर बसवलं. एवढंच म्हणाले, की ती पूर्ण मुलाखत मिळाली तर बघ, नातवाला दाखवायची आहे. वरातीच्या त्या वाक्यानंतर त्यांनी आपल्या गुरूंचं गाणं म्हटलं होतं, चार-पाच मिनिटं, बिनवाद्याचं. मी चॅनलमध्ये फोन लावला. हार्ड डिस्क भरली म्हणून जुनं सगळं पुसलं होतं. प्रोमो तेवढा अजून फिरतोय, मला परवाच कोणीतरी फॉरवर्ड केला.