आयसीवर परदेशी निघताना: आधी परतीचे कागद

हणजूण-कळंगुटला दागिन्यांचं दुकान चालवणारं एखादं तिबेटी कुटुंब पावसाळ्यात स्वित्झर्लंडला नातेवाइकांकडे निघालं असेल आणि कागद भरून घ्यायला तुमच्याकडे आलं असेल, तर तिकीट काढायची घाई करू देऊ नका. भारत सरकार तिबेटी निर्वासितांना परदेश प्रवासासाठी देतं ते त्यांच्या हातातलं पिवळं ओळख प्रमाणपत्र, म्हणजे आयसी, पासपोर्ट नव्हे. भारत १९५१च्या निर्वासित करारात नाही, म्हणून ते त्या करारातलं प्रवासपत्रही नव्हे. युरोपात निर्वासितांना तीन महिने व्हिसा लागत नाही, असं कुणीतरी सांगेलच. १९५९च्या युरोपीय करारातली ती सवलत त्यात सामील देशांनी दिलेल्या प्रवासपत्रांपुरती आहे. यांना व्हिसा लागणारच.

सुरुवात परतीपासून करा. जाण्याचा व्हिसा मिळाला आणि परत येताना अडकलं, तर दुकान, मुलांची शाळा, सगळंच टांगणीला लागतं. त्यांच्या भारतातल्या वास्तव्याच्या नोंदणी प्रमाणपत्राची, म्हणजे आरसीची, मुदत परतीच्या तारखेपुढे जाते का ते बघा, आणि बाहेर जाण्याची व परत येण्याची परवानगी एफआरआरओकडून, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडून, आधी पक्की करा.

मग आरसी आणि आयसी शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. पुष्कळ तिबेट्यांना आडनाव नसतं, त्यामुळे एका कागदावर एक शब्द, दुसऱ्यावर दोन, असं सर्रास आढळतं. फरक असेल तर अर्जाआधीच दुरुस्ती करून घ्या.

स्वित्झर्लंडसह युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या सामाईक व्हिसाच्या, म्हणजे शेंगेनच्या, अर्जात प्रवासपत्राच्या प्रकारासमोर ‘साधा पासपोर्ट’ नव्हे, ‘इतर’ निवडून आयसीचं पूर्ण नाव लिहा. प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी अर्ज जायला हवा. पण आयसीवाल्यांनी एवढ्यावर विसंबू नये, सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा, दोन कोरी पानं, बँकेचे कागद हे सगळ्यांसारखंच.

व्हिसा हातात आला की त्यावरची ‘कुठे वैध’ ही ओळ नीट वाचा. आयसी न मानणारे देश तिथे उणे चिन्हापुढे लिहिलेले असू शकतात. तसं असेल तर त्या देशात जाता येणार नाही, सीमेपलीकडच्या शेजारच्या गावी आगगाडीनेसुद्धा नाही.

तिकीट यानंतरच. वाटेत विमान बदलायचं असेल, तर त्या देशाच्या वकिलातीला आयसीचं नाव घेऊनच विचारा. भारतीय पासपोर्टचे नियम यांना लागू होतीलच असं नाही. मोपा किंवा दाबोळी विमानतळावर नेहमीपेक्षा लवकर पोचायला सांगा, आणि आरसी व परवानगीच्या प्रती हातातल्या पिशवीत ठेवायला सांगा, सामानात नको.