पिटिशन भरणारे आई-वडील गेले, तर ग्रीन कार्डच्या फाइलचं काय करायचं

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आईने किंवा वडिलांनी मुलासाठी आय-१३० पिटिशन (नातेवाइकाला ग्रीन कार्ड मिळावं म्हणून करायचा अर्ज) भरलेलं असतं, रांगेत वर्षं जातात आणि नंबर लागायच्या आत त्यांचंच निधन होतं. घर दुःखात असताना फाइल उघडायची इच्छा कुणालाच नसते, पण ती उघडावी लागते. कारण पिटिशनरचं, म्हणजे अर्ज भरणाऱ्याचं, निधन झालं की मंजूर पिटिशनसुद्धा आपोआप रद्द होतं, असा मूळ नियम आहे. त्यातून बाहेर पडायच्या मुख्य वाटा दोन. तुमच्यासाठी कोणती खुली आहे हे दोन प्रश्नांवर ठरतं: निधनाच्या दिवशी पिटिशन मंजूर झालेलं होतं का, आणि त्या दिवशी लाभार्थी, म्हणजे ज्याच्यासाठी अर्ज भरला ती व्यक्ती, कुठे राहत होती?

पहिल्या प्रश्नात बरेच जण फसतात. आय-७९७ नावाचा कागद घरात असतो आणि तो म्हणजे मंजुरीच, असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात अर्ज मिळाल्याची पावती आणि मंजुरीची सूचना, दोन्हींवर आय-७९७ हेच नाव असतं. कागदावर नोटीसचा प्रकार काय लिहिला आहे ते वाचा. प्रायॉरिटी डेट (रांगेतला क्रम ठरवणारी तारीख) दिसते म्हणून पिटिशन मंजूर झालं असं होत नाही. ती तारीख अर्ज दाखल झाला त्या दिवसाची असते.

पहिली वाट: अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यातलं कलम २०४ (एल). हे २८ ऑक्टोबर २००९ पासून लागू आहे. निधनाच्या दिवशी लाभार्थी अमेरिकेत राहत असेल आणि अजूनही तिथेच राहत असेल, तर पिटिशन प्रलंबित असो वा मंजूर, ते वाचवता येतं. इथे ‘राहणं’ म्हणजे खरंखुरं बिऱ्हाड. विद्यार्थी किंवा एच-१बी (नोकरीच्या) व्हिसावर तिथे राहणारी व्यक्ती सुट्टीसाठी भारतात आलेली असताना वडील गेले, तरी तिचा निवास अमेरिकेतलाच धरला जातो. उलट, फक्त भेटीसाठी तिथे गेलेल्या माणसाला याचा उपयोग नाही. पुरावा म्हणून त्या तारखेच्या आगेमागेचा भाडेकरार, पगाराच्या पावत्या, बँक स्टेटमेंट, वीजबिल, कॉलेजच्या नोंदी गोळा करा.

या कलमातली एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मुख्य लाभार्थी आणि त्याच्यावर अवलंबून असलेले जोडीदार-मुलं यांच्यापैकी कुणी एक जरी निवासाची अट पूर्ण करत असेल, तरी साऱ्यांना फायदा मिळू शकतो. समजा, नागरिक वडिलांनी विवाहित मुलीसाठी अर्ज केला होता, मुलगी भारतातच आहे, पण तिचा एकोणीस वर्षांचा अविवाहित मुलगा त्या दिवशी अमेरिकेत शिकत होता. अशा वेळी ‘आम्ही सगळे भारतात, संपलं आता’ असं म्हणून फाइल बंद करू नका.

हेच कलम मुख्य लाभार्थी गेल्यावरही कामी येतं. आत्याने वडिलांसाठी पिटिशन भरलं आणि वडीलच गेले, तर अमेरिकेत राहणाऱ्या त्यांच्या पत्नी-मुलांना ते लागू होऊ शकतं. सगळेच बाहेर राहत असतील, तर मात्र वडिलांबरोबर त्यांचाही हक्क संपतो.

दुसरी वाट: मानवतेच्या आधारावर पिटिशन पुन्हा जिवंत करणं. भारतात राहणाऱ्या बहुतेकांसाठी हीच उरते. अट एक आणि ती पक्की: निधनाआधी पिटिशन मंजूर झालेलं असलं पाहिजे. ते प्रलंबित होतं आणि लाभार्थी अमेरिकेबाहेर होता, तर ही वाट नाही.

या विनंतीला छापील फॉर्म नाही, फीही नाही. पिटिशन मंजूर करणाऱ्या यूएससीआयएसच्या (इमिग्रेशनचे अर्ज हाताळणाऱ्या अमेरिकी सरकारी खात्याच्या) कार्यालयाला मुख्य लाभार्थ्याने पत्र लिहायचं. त्यात पिटिशनरचं आणि स्वतःचं नाव, नातं, पावती क्रमांक, प्रायॉरिटी डेट, ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने व्यक्तीला दिलेला क्रमांक) असल्यास तो, आणि निधनाची तारीख. सोबत मृत्यूचा दाखला, मंजुरीची प्रत, पर्यायी प्रायोजकाचा (गेलेल्या पिटिशनरच्या जागी आर्थिक हमी देणाऱ्याचा) आय-८६४ हा हमीचा फॉर्म आणि आपली बाजू मांडणारे पुरावे. निर्णय पूर्णपणे अधिकाऱ्याच्या विवेकावर असतो आणि नकाराविरुद्ध अपील नाही, म्हणून पहिलंच पत्र भक्कम हवं. ते तपासतात त्या बाबी अशा: अमेरिकेतल्या कुटुंबावर, विशेषतः नागरिक आणि ग्रीन कार्डधारक नातेवाइकांवर होणारा परिणाम, वय आणि आजारपण, मायदेशाशी उरलेले संबंध, सरकारी कामात झालेला असाधारण उशीर. ‘आम्हाला खूप वाईट वाटतं’ एवढ्याने भागत नाही. आई आता एकटी आहे, तिला कोणता आजार आहे, तिची काळजी कोण घेतं, हे डॉक्टरांच्या पत्रासह दाखवावं लागतं.

पर्यायी प्रायोजक दोन्ही वाटांना लागतो. त्याच्यावरून जितक्या फाइल अडतात, तितक्या क्वचितच दुसऱ्या कशावरून अडत असतील. ही व्यक्ती किमान १८ वर्षांची, अमेरिकेत राहणारी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवी, आणि लाभार्थ्याशी नातं ठरलेल्या यादीतलं हवं: जोडीदार, आई-वडील, सासू-सासरे, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, सून-जावई, मेहुणा-मेहुणी किंवा दीर-नणंद-वहिनी-भावजी, आजी-आजोबा, नातवंडं किंवा कायदेशीर पालक. काका, मामा, मावशी, आत्या, चुलतभाऊ यांत बसत नाहीत. आपल्याकडे अशा वेळी मामाच पुढे येतो, पण इथे त्याचा आय-८६४ एकट्याने चालणार नाही. उत्पन्न त्या घराच्या सदस्यसंख्येसाठी ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के लागतं, आणि सदस्य मोजताना येणारी मंडळीही धरायची. बहिणीचं उत्पन्न कमी पडलं, तर ती पर्यायी प्रायोजक राहते आणि मामा संयुक्त प्रायोजक (तिच्या जोडीने हमी देणारा) म्हणून जोडता येतो.

कागदांबद्दल. मृत्यू अमेरिकेत झाला असेल, तर दाखल्याच्या प्रमाणित प्रती सुरुवातीलाच जास्त मागवा. भारतात झाला असेल, तर २१ दिवसांत नोंदणी करा आणि दाखल्यावरचं नाव पिटिशनवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतं का ते पाहा. लग्नानंतर बदललेलं नाव, मधलं नाव गाळलेलं, आडनावाचं वेगळं स्पेलिंग, यावर प्रश्न येतात. राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र आधीच जोडा. दाखला फक्त मराठीत असेल, तर पूर्ण इंग्रजी भाषांतर द्या. त्यावर भाषांतर अचूक असल्याचं आणि दोन्ही भाषा येत असल्याचं भाषांतरकाराचं सहीनिशी निवेदन हवं.

लग्नाचं वेगळं सांगायला हवं. वडील ग्रीन कार्डधारक असतानाच गेले आणि पिटिशन अविवाहित मुलीसाठी होतं, तर तिने ग्रीन कार्ड हाती येण्याआधी लग्न केलं की पिटिशन संपतं. ग्रीन कार्डधारकाच्या विवाहित मुलांसाठी गटच नाही, आणि वडील आता नागरिक होऊ शकत नाहीत. घरात लग्नाची बोलणी सुरू असतील, तर आधी वकिलाला विचारा.

हयात असलेली आई नागरिक असेल, किंवा ग्रीन कार्डधारक असेल आणि मूल अविवाहित असेल, तर तिच्याकडून नवं आय-१३० लगेच भरून ठेवा, जुन्या फाइलच्या निर्णयाची वाट पाहू नका. भाऊ किंवा बहीण २१ वर्षांवरील नागरिक असेल, तर त्यांचंही भरता येतं, पण भारतीयांसाठी त्या गटाची रांग दीड दशकाहून लांब आहे. नवीन अर्जाला साधारणपणे नवीच प्रायॉरिटी डेट मिळते, म्हणून जुनी वाचवण्याची धडपड सार्थ आहे.

निधन लपवू मात्र नका. मुलाखतीत पिटिशनरबद्दल विचारतातच, आणि खोटं उत्तर दिलं तर पुढची सगळी दारं बंद होऊ शकतात. व्हिसा पासपोर्टवर लागलेला असला, पण प्रवासाला निघण्याआधी पिटिशनर गेले, तर विमानात बसू नका. वाणिज्य दूतावासाला कळवा आणि त्याच आठवड्यात पिटिशन पुन्हा जिवंत करण्याचं पत्र तयार करायला घ्या.