नॅरोबोट चालवताना या चुका टाळा

भारतातून आई-बाबा आले की उन्हाळ्यात एक दिवस आम्ही ब्रिटनमधल्या लँगॉलेन कालव्यावर नॅरोबोट, म्हणजे कालव्यातली लांब अरुंद बोट, भाड्याने घेतो. परवाना लागत नाही, बोटवाले निघण्याआधी सगळं समजावून सांगतात. पण ऑगस्टच्या गर्दीत, मागे-पुढे बोटी असल्या की ऐकलेलं विसरायला होतं.

लॉकमध्ये मागे रेंगाळणं

सगळ्यात घातक चूक ही, म्हणून आधी हीच. लॉक म्हणजे बोट वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर किंवा उलट नेण्यासाठी दोन्हीकडे दारं असलेला पाण्याचा हौद. वरच्या दाराला लागून आत एक ओटा असतो, त्याला सिल म्हणतात. हौद भरलेला असताना तो दिसतच नाही. खाली उतरताना बोटीची मागची बाजू त्यावर टेकली, तर पुढची बाजू पाण्याबरोबर खाली जात राहते, बोट तिरकी होते आणि बघता बघता पाणी आत शिरतं.

भिंतीवर पांढरी रेघ असते. सुकाणूसकट अख्खी बोट त्या रेघेच्या पुढे हवी, पाणी पूर्ण उतरेपर्यंत. सुकाणूचा दांडा ज्याच्या हातात, त्याने रेघेवरची नजर हलवायची नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. बोट टेकलीच तर ओरडून सांगा. खालच्या दाराकडच्या, पाणी सोडायच्या झडपा ताबडतोब बंद करायच्या, मग वरच्या हळूहळू उघडून हौद पुन्हा भरायचा. त्यासाठी झडपेपाशी कोणीतरी ती फिरवायचं हँडल घेऊन उभंच असायला हवं. गप्पा मारत पुढच्या पुलाकडे निघून जाऊ नका.

ग्रिंडली ब्रुकला तीन लॉक एकमेकांना चिकटून, जिन्यासारखे आहेत. तिथे लॉककीपर असेल तर तो सांगेल तेच करा.

डावीकडे वळणं

इथेही, आपल्याकडेही गाडी डावीकडून चालते. कालव्यात मात्र समोरून बोट आली की आपण उजवीकडे व्हायचं. त्यात दांडा ढकलाल त्याच्या उलट दिशेला बोट वळते. बावचळायला होतं, म्हणून लांबूनच वेग कमी करा. ब्रेक नसतो, थांबायचं तर रिव्हर्स, आणि रिव्हर्समध्ये सुकाणू फारसं ऐकत नाही.

घाई

मर्यादा ताशी 4 मैल आहे, पण बांधलेल्या बोटींजवळून त्याहून बरंच सावकाश जा. नाहीतर त्यांचे खुंटे उपटतात, आतल्या माणसाचा उकळता चहा अंगावर सांडतो. उथळ पाण्यात इंजिन जोरात केलं तर बोट मागून खाली बसते, वेग काही वाढत नाही. लँगॉलेनकडे जाताना प्रवाह समोरून येतो, चर्कच्या बोगद्यात तर तो चांगलाच जाणवतो. वेळ हाताशी ठेवूनच निघा.

पॉन्टकसुल्टेवर मुलं छतावर

1805 साली पुरा झालेला हा जलसेतू 38 मीटर उंच आहे. पायवाटेच्या बाजूला कठडा आहे, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मुलं आतच हवीत. रुंदीत एकच बोट मावते, त्यामुळे शिरण्याआधी पलीकडचं टोक रिकामं आहे ना, बघून घ्या.

पंख्यात (प्रोपेलरमध्ये) काही अडकलं तर

इंजिन घरघरतं, बोट पुढे जात नाही. आमच्या पंख्याच्या दांड्याला एकदा निळी नायलॉनची दोरी इतकी घट्ट पिळली होती की कापायला सुरी लागली. काठाला बांधा, इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात ठेवा, मगच पंख्यावरचं झाकण उघडून हात घाला. परत निघताना झाकण घट्ट बसलंय का, स्वतः दाबून पाहा. सैल राहिलं तर पंख्याने उसळलेलं पाणी थेट इंजिनाच्या खणात शिरतं आणि बोट बुडू शकते.