जुन्या एमजीत दुसरं इंजिन बसवताय? या चुका टाळा

शिवडीतल्या आमच्या गाळ्यात एक एमजीए तीन वर्षांपासून उभी आहे. १९५५ ते १९६२ या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली ही दोन सीटची गाडी. आमच्याकडे आली तेव्हा तिच्या मूळ १४८९ सीसी इंजिनाच्या ब्लॉकला बोटभर लांब चीर होती. मुंबईत अशा वेळी दोन पर्याय समोर येतात. एक म्हणजे अँबेसेडरचं १४८९ सीसी इंजिन, कारण तेही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) त्याच बी-सिरीज घराण्यातलं. दुसरा म्हणजे हिंदुस्तान मोटर्सच्या काँटेसा गाडीतलं १८१७ सीसीचं इसुझू इंजिन, पाच गिअरच्या गिअरबॉक्ससकट. आम्ही अँबेसेडरचं घेतलं. शेजारच्या गाळ्यातल्या मित्राने त्याच्या एमजीत इसुझू बसवलं. या दोन गाड्यांवर काय बिघडलं आणि काय वेळेत सावरलं, ते लिहितो.

कागदपत्रं शेवटी बघू, ही पहिली चूक

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच धरून निकाल दिला. त्यामुळे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर इंजिनाचा भाव करायच्या आधी आरटीओत लेखी अर्ज द्या आणि उत्तर लेखीच घ्या. इंजिनाचं बिल जपून ठेवा. इंजिन नंबर घासलेला दिसला तर कितीही स्वस्त मिळत असलं तरी सोडून द्या.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. जुलै २०२१ च्या विंटेज नियमांत ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपातच असायला हवी आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. इंजिन बदललं की ही वाट बंद होते. म्हणून मूळ इंजिन दुरुस्त होण्यासारखं असेल तर माझं मत ठाम आहे: तेच बांधा. कास्ट आयर्नच्या ब्लॉकची चीर मेटल स्टिचिंगने, म्हणजे वेल्डिंग न करता धातूच्या खिळ्या-पट्ट्यांनी शिवून, बंद करता येते. आमचा चिरलेला ब्लॉक आम्ही भंगारात दिलेला नाही, तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलाय. आणि परवानगीचा निकाल लागेपर्यंत दोन्ही गाड्या खासगी आवाराबाहेर काढत नाही.

नजरेने अंदाज घेणं

इसुझूचा कॅमशाफ्ट हेडवर आहे, एमजीएचं बॉनेट ठेंगणं. मित्राने इंजिन खाली सोडलं, वरून पाहिलं आणि माउंटिंगचे ब्रॅकेट वेल्ड करायला घेतले. मी थांबवलं. लालबागच्या गणपतीच्या कारखान्यातून ओंजळभर शाडू आणला, इंजिनाच्या सगळ्या उंच जागांवर त्याचे गोळे ठेवले आणि बॉनेट हळूच टेकवून उचललं. एअर क्लीनरच्या बैठकीवरचा गोळा चपटा होऊन कागदाएवढा उरला होता. इंजिन रबरावर बसतं, ॲक्सिलरेटर दिला की हलतं, म्हणून चहूबाजूंनी किमान एक इंच मोकळं हवं. खाली चेंबर (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) आणि स्टिअरिंग रॅक यांच्यामध्येही तेवढीच जागा बघा. आधी नुसतं टाचून घ्या, सगळं बसवून पाहा, मगच पूर्ण वेल्ड करा.

क्रँक ग्राइंड करून आणला आणि थेट बसवला

ही चूक माझी स्वतःची. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, वीस थाउ (इंचाचे हजारावे भाग) खाली ग्राइंड करून आणला, वरून चकचकीत दिसत होता. डिझेलने पुसला, हवा मारली, नवी बेअरिंग घालून इंजिन बांधलं. सुरू केल्यावर तेलाचं प्रेशर ६० पीएसआयवर होतं. वीस मिनिटांत ते २० वर आलं. चेंबर उतरवलं तर तळाच्या तेलात मिठाईवरच्या वर्खासारखी चमक तरंगत होती. मेन बेअरिंगच्या (क्रँक ज्यांवर फिरतो त्यांच्या) शेलवर नखाला लागतील अशा चरा. क्रँकच्या आतल्या तेलाच्या भोकांत ग्राइंडिंगचा चुरा राहिला होता आणि तेलाने तो नेमका बेअरिंगमध्ये नेऊन सोडला.

बी-सिरीजच्या या इंजिनाला मेन बेअरिंग तीनच आहेत, त्यामुळे एक जरी गेलं तरी क्रँकला आधार उरत नाही. आता माझी पद्धत अशी: बाटली धुवायच्या ब्रशसारखा पातळ ब्रश प्रत्येक भोकातून आरपार, आधी पेट्रोल, मग साबणाचं गरम पाणी, मग हवा, आणि पांढरं फडकं काळं होणं थांबेपर्यंत पुन्हा तेच. ब्लॉकच्या तेलवाटाही तशाच, त्यांचे बूच काढून. मशीनशॉपवाल्याने ‘धुतलंय’ म्हटलं तरी. बेअरिंगचा गॅप प्लास्टिगेजने (दाबून चपटा होणाऱ्या मोजमापाच्या बारीक दोऱ्याने) मोजा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहा. हेडचे नट टॉर्क रेंचने ५० पौंड-फूट, क्रमाने आणि दोन-तीन टप्प्यांत.

कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) नवा असेल तर त्यावर घासणारे टॅपेटही नवेच घाला. जुने टॅपेट नव्या कॅमला खातात.

बोल्टने खेचून गिअरबॉक्स बसवणं

संध्याकाळचे सात वाजलेले, इंजिन चेन पुलीला लटकलेलं, आणि गिअरबॉक्स पाव इंच बाहेर अडकलेला. आमचे मिस्त्री म्हणाले, “साहेब, बोल्ट लावून खेचून घेऊ, बसेल आपोआप.” मी म्हटलं, “काका, नको. उद्या सकाळी उतरवून बघू.” सकाळी कळलं की क्रँकच्या टोकातला स्पिगॉट बुश, म्हणजे गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक ज्यात बसतं ती कडी, त्या शाफ्टपेक्षा जराशी लहान होती. बोल्ट आवळले असते तर बुश ठेचला असता, क्लच प्लेटचा मधला भाग वाकला असता, किंवा बेल हाउसिंगचा (गिअरबॉक्सच्या पुढच्या, क्लच झाकणाऱ्या भागाचा) कान तुटला असता.

नियम साधा आहे. शेवटचा पाव इंच हाताने सरकला पाहिजे. सरकत नसेल तर तीनच गोष्टी तपासा: बुश आणि शाफ्ट यांचं माप, क्लच प्लेट मध्यभागी आहे का, आणि इंजिन व गिअरबॉक्स एका रेषेत आहेत का. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडायला ॲडॅप्टर प्लेट बनवून घेतली असेल तर फ्लायव्हीलवर डायल गेज (बारीक फरक मोजणारं घड्याळासारखं माप) लावून बेल हाउसिंगचं भोक मध्यभागी येतंय का तेही पाहा. ते मध्यापासून सरकलेलं असेल तर गिअर आपोआप निसटतील आणि क्लच थरथरेल. मग लोक दोष क्लच प्लेटला देतात.

वायरिंग

एमजीएला मूळची पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं, आणि सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. इसुझूचा अल्टरनेटर निगेटिव्ह अर्थवर चालतो. बॅटरी जुन्या सवयीने जोडली तर अल्टरनेटरचे डायोड क्षणात जळतात. गाडी निगेटिव्हवर न्यायची असेल तर कॉइलच्या वायरीही उलटवा.

आमच्या गाडीत वेगळंच झालं. स्टार्टर मारला, इंजिन सुस्त फिरलं आणि चोकच्या केबलमधून धूर निघाला. केबल हाताला चटका देत होती. इंजिन ते चॅसीची अर्थपट्टी जोडायची राहिली होती, रबराच्या माउंटिंगमुळे करंटला दुसरी वाटच नव्हती, म्हणून तो चोकच्या तारेतून गेला. एमजीएच्या फ्लोअरबोर्ड प्लायवुडच्या आहेत, आग लागायला वेळ लागला नसता. अर्थपट्टी जाड घ्या, दोन्ही टोकांचा रंग खरवडा आणि वर ग्रीस लावा. शिवडीच्या खाऱ्या हवेत उघडी जागा एका पावसाळ्यात गंजते.

चालू झाल्यावरच्या तक्रारी

गाडी तापते: मुंबईत पहिला सल्ला मिळतो तो थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा. तो ऐकू नका. थर्मोस्टॅट नसला की इंजिन नीट गरम होत नाही आणि बोअर (सिलिंडरच्या आतल्या भिंती) लवकर झिजतात. आधी रेडिएटरचं रॉडिंग करा (नळ्यांतून सळई फिरवून साफ करा), इग्निशन टायमिंग बघा, मग दादर-परळच्या ट्रॅफिकसाठी इलेक्ट्रिक पंखा लावा. नळाचं पाणी भरू नका.

मागून तेल गळतं: या जुन्या बी-सिरीजला मागच्या मेन बेअरिंगवर रबरी सील नाही, क्रँकवरची आटेवजा खाच तेल परत फिरवते. दोन-चार थेंब पडणारच. जास्त पडलं तर इंजिन उतरवण्याआधी ब्रीदर (इंजिनातली कोंडलेली हवा बाहेर सोडणारी नळी) चोंदलाय का बघा.

पेट्रोलचा वास येतो: पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुने रबरी पाइप त्याने फुगतात, चिरतात. इथेनॉलला चालणारे नवे पाइप टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत घाला. शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, म्हणून हेड उघडलंच असेल तर एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हला कठीण सीट बसवून घ्या.

वेग घेताना थरथर: प्रॉपेलर शाफ्ट कापून लांबी बदलली असेल तर बॅलन्स करून घ्या आणि त्याच्या टोकांचे क्रॉस (सांधे) तपासा. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल यांचे कोन जुळलेले हवेत. इसुझू मागून खाली झुकलेलं होतं, माउंटिंगखाली पट्टी घालून मित्राची थरथर गेली.

पहिला स्टार्टर

प्लग काढून स्टार्टर मारा, गेजवर प्रेशर दिसेपर्यंत. टायमिंग, पाणी, पेट्रोल आधीच तयार ठेवा, कारण सुरू होताच २००० आरपीएमवर वीस मिनिटं चालवायचंय. नव्या कॅमला आयडलवर पुरेसं तेल उडत नाही. तेल झिंकचं प्रमाण चांगलं असलेलं घ्या, हल्लीच्या गाड्यांच्या तेलात ते कमी असतं. वीस मिनिटांनी गरम असतानाच तेल काढा आणि धोतराच्या पांढऱ्या फडक्यातून गाळा. दुसऱ्यांदा बांधलेल्या इंजिनाचं तेल आम्ही असंच गाळलं. मिस्त्रींनी फडकं दिव्याखाली धरून बोटाने चाचपलं. फडक्यावर फक्त काजळी होती.