जुन्या गाडीचे इंजेक्टर साफ करण्याआधी

पेट्रोल गाडी आयडलिंगला थरथरते, पिकअप घेताना अडखळते, म्हणून लगेच इंजेक्टर (इंजिनात पेट्रोलचा फवारा सोडणारे भाग) खोलू नका. आधी स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल तपासा, बऱ्याचदा दोष तिथेच निघतो. मग इंजिन चालू ठेवून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर टेकवा आणि मूठ कानाला लावा. पंखा आणि बेल्टपासून मात्र लांब राहा. प्रत्येकाची टिकटिक सारखी यायला हवी. एखादा अगदी गप्प असेल तर वायरिंग किंवा इंजेक्टरच गेलाय. क्लीनर ओतून काही होणार नाही.

टिकटिक नीट असेल तर पॉलिइथरअमाइन (साचलेला मळ काढणारं रसायन) असलेलं क्लीनर बाटलीवरच्या प्रमाणात टाकीत घाला आणि गाडी लांब पल्ल्यावर न्या. माझ्या मते खोलण्याआधी हे करून बघावंच.

काढावेच लागले तर इंधन पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. नोझलच्या भोकात तार अजिबात घालू नका, फवारा कायमचा बिघडतो. अल्ट्रासॉनिक, म्हणजे द्रवात ध्वनिलहरींनी होणारी सफाई करून घ्या. बसवताना ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) नव्याच हव्यात. जुन्या कडक झालेल्या असतात आणि तापलेल्या इंजिनवर पेट्रोल गळणं जिवावर बेतू शकतं.