तोंडाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेताना

शस्त्रक्रियेनंतरचे रेडिएशन बहुधा आठवड्यातून 5 दिवस, सुमारे 6 आठवडे चालते. पहिली तयारी दातांची करावी: वाचण्याजोगे नसलेले दात उपचारापूर्वीच काढून जखम भरण्यास साधारण 2 आठवडे द्यावेत, कारण किरणांमुळे जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा घटतो आणि नंतर दात काढल्यास हाड निर्जीव होण्याचा धोका वर्षानुवर्षे राहतो.

किरण रोज त्याच जागी पडावेत म्हणून चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मुखवटा करतात. तो घट्टच असतो. कोंडल्यासारखे वाटत असेल, तर तंत्रज्ञांना आधी सांगावे. यंत्रावर दुखत नाही.

खरी कसोटी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून सुरू होते, तेव्हा तोंड येते, लाळ घट्ट होते आणि साधा वरणभातही तिखट लागतो. 1 लिटर कोमट पाण्यात एकेक छोटा चमचा मीठ व खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा चूळ भरावी, वेदनाशामक औषध जेवणापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावे, आणि मऊ खिचडी, नाचणीची पेज, अंडे असे थोडे थोडे खात राहावे. वजन दर आठवड्याला पाहावे. ते घसरू लागल्यास नाकातून नळी घालण्यास कमीपणा मानू नये. मानेच्या त्वचेवर हळद किंवा घरगुती लेप नकोत. तंबाखू, मिश्री पूर्ण बंद. त्रास वाढला तरी परस्पर खाडा करू नये, कारण मध्ये पडलेल्या खंडात कर्करोगाच्या पेशी पुन्हा वाढतात.

बाहेरून दिलेल्या या किरणांनी रुग्ण किरणोत्सर्गी होत नाही, तेव्हा नातवंडांना खुशाल जवळ घ्यावे.